चौघांचा अभ्यास

जून महिना लागला की आमच्या बोळिंजमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. सखल रस्त्यांवर पाणी साचते, आणि इमारतीतील कॉलेजची मुले 'या सत्रात सगळे मिळून अभ्यास करायचा' असे ठरवतात. पाण्याचे पुढे काय होते ते सर्वांना दिसते. एकत्र अभ्यासाचे काय होते, तिकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

गेल्या वर्षी द्वितीय वर्ष विज्ञानाची चार मुले माझ्याकडे आली. त्यांतल्या एकाला भौतिकशास्त्रात एटीकेटी लागली होती. वडील रिक्षा चालवतात; त्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. पुन्हा विषय राहिला तर शिक्षण सोडून नोकरी धरायची, असे घरी ठरलेले. गंमत अशी, की आधीच्या सत्रातही तो याच मित्रांबरोबर रोज दोन तास बसत असे. "काका, एकत्र बसलो की सगळं समजायचं. पेपरात काहीच आठवेना," तो म्हणाला.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. चौघांतील एक मुलगी सोडवलेली उत्तरे मोठ्याने समजावून सांगे आणि बाकीचे तिघे माना डोलावत. तिला उत्तम गुण मिळाले होते, आणि ते साहजिकच होते. अभ्यास खऱ्या अर्थाने तिचाच होत होता.

ऐकताना किंवा पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ही ओळख म्हणजेच समज, असा आपला गैरसमज होतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याची चाचणी प्रसिद्ध केली. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे वेगळे सांगायला नको.

मग एकत्र बसायचेच कशाला? आठवण्याच्या कामात गट खरोखरच अडचणीचा ठरतो. चौघांनी मिळून आठवलेले मुद्दे, त्याच चौघांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या मुद्द्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतात. प्रत्येकाची आठवण्याची साखळी निराळी असते. एक बोलू लागला की दुसऱ्याची तुटते. म्हणून आधी प्रत्येकाने गुपचूप लिहायचे आणि मगच तोंड उघडायचे, असा नियम आम्ही केला. दहा मिनिटे शांत बसणे मुलांना फार जड गेले, चहाची आठवण नेमकी तेव्हाच होई!

गटाचा खरा उपयोग वाद घालण्यात आहे. एका संध्याकाळी मी विचारले : दारे बंद असलेल्या एसी लोकलमध्ये हेलियमचा फुगा दोऱ्याने खाली बांधला आहे. गाडीने ब्रेक लावला, तर फुगा कुठे झुकेल? हाताने धरायच्या कड्या पुढे झुकतात हे रोज पाहिलेले, म्हणून तिघांनी 'पुढे' लिहिले. एटीकेटीवाल्याने 'हलणार नाही' लिहिले. चौघेही चुकले होते. मी उत्तर सांगितले नाही. वाद चालू असताना तोच मध्येच म्हणाला, "रिक्षात आडव्या बाटलीतला बुडबुडा ब्रेक लागला की मागे पळतो." क्षणभर सगळे गप्प. मग मुलीने धागा पकडला. ब्रेक लागल्यावर पाण्याप्रमाणेच डब्यातील हवा पुढे रेटली जाते; पुढच्या बाजूला दाब वाढतो आणि हवेपेक्षा हलका फुगा मागे ढकलला जातो.

कोणालाच येत नसताना उत्तर आले कोठून? कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशशास्त्राच्या वर्गावर आधारित एक अभ्यास २००९ साली 'सायन्स'मध्ये आला. सुरुवातीला ज्या गटांत बहुधा कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, त्या गटांतील विद्यार्थीही चर्चेनंतर त्याच धर्तीचा नवा प्रश्न एकट्याने अधिक चांगला सोडवू लागले. म्हणजे ही हुशार मुलाची नक्कल नव्हती. प्रत्येकाकडे असलेले तुकडे एकमेकांना जोडले जात होते.

त्या मुलाचा विषय त्या सत्रात सुटला. त्याचे श्रेय किती बुडबुड्याचे आणि किती त्याच्या पहाटेच्या उठण्याचे, हे एका उदाहरणावरून मी सांगू शकणार नाही.

शंभर मुलांच्या वर्गातही हे करता येते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर १९९१ पासून ही पद्धत वापरत आले. प्रश्न फळ्यावर लिहावा, प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहावे, मग हात वर करायला सांगावे. जवळजवळ सर्वांचे बरोबर असेल तर पुढे जावे. फारच थोड्यांचे बरोबर असेल तर मुद्दा पुन्हा शिकवावा. साधारण एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश मुलांचे बरोबर असेल, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे भांडू द्यावे आणि पुन्हा हात मोजावेत. त्या वेळी वर्गात गोंगाट होईल. मुख्याध्यापकांना तेवढे आधी सांगून ठेवावे.