हायब्रीड मोटारीची बॅटरी निकामी झाल्यावर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९९७ सालच्या डिसेंबरात टोयोटा कंपनीने जपानमध्ये ‘प्रियस’ विक्रीस आणली, आणि पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर यांचा संयोग प्रयोगशाळेतून उठून सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या दारी आला. या मोटारीची दुसरी पिढी, म्हणजे २००४ ते २००९ या सालांतील गाड्या, अमेरिकेत लक्षावधींच्या संख्येने खपली, आणि त्यांपैकी ज्या अद्याप रस्त्यावर आहेत त्यांच्या मालकांपुढे, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसह, आज एकच प्रश्न उभा आहे : मूळ बॅटरीने मान टाकली, आता नवी घ्यावी, जुनी दुरुस्त करावी, की गाडीच मोडीत काढावी? या प्रश्नाभोवती समजुतींचे जे दाट रान माजले आहे, त्यामुळे अनेकांचा पैसा अकारण खर्ची पडतो आणि काही गाड्या, ज्या आणखी कित्येक वर्षे चालल्या असत्या, भंगाराच्या आवारात जातात.

पहिला गैरसमज असा की फलकावर तांबडा त्रिकोण उजळला म्हणजे मोठी बॅटरी संपली. वस्तुतः या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक लहानशी, बारा व्होल्टची, जी संगणक व दिवे जागे करते. आणि दुसरी उच्च दाबाची, निकेल-मेटल हायड्राइड जातीची, जी गाडी ओढण्यास हातभार लावते. लहान बॅटरी अशक्त झाली की फलकावर नाना प्रकारचे इशारे उमटतात, आणि घाबरलेला मालक मोठीच्या किमतीची चौकशी करू लागतो. मोठ्या बॅटरीविषयीचा खरा संकेत स्कॅनरवर ‘पी०ए८०’ या अक्षरांनी येतो. परंतु तो संकेतही अंतिम निवाडा मानू नये. या बॅटरीत २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा विद्युतघट, म्हणजे एकूण १६८ घट आणि २०१.६ व्होल्टचा दाब. नियंत्रक दोन-दोन मॉड्यूलांच्या चौदा जोड्यांचा दाब सतत ताडून पाहतो आणि त्यांत मर्यादेबाहेर तफावत दिसली की तक्रार नोंदवतो. ही तफावत बहुधा घट झिजल्यामुळे पडते हे खरे, तथापि मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या गंजल्या तरीही ती भासू शकते. म्हणून प्रत्येक जोडीचा दाब, गाडी उभी असताना व भार घेत असताना, असा दोन्ही वेळी मोजून त्याचा तक्ता हाती घेतल्याखेरीज कोणत्याही खर्चास संमती देऊ नये.

बॅटरी गेली तरी गाडी निव्वळ पेट्रोलवर चालेल, अशीही एक समजूत आहे. होंडाच्या जुन्या सिव्हिक हायब्रीडसारख्या गाड्यांत बारा व्होल्टचा स्वतंत्र स्टार्टर असल्याने तीत काही तथ्य आहे. प्रियसमध्ये मात्र निराळा स्टार्टर नाही, इंजिन फिरवण्याचे काम उच्च दाबाच्या बॅटरीच्याच बळावर होते, आणि ती पूर्ण निकामी झाली की टाकी पेट्रोलने भरलेली असूनही इंजिन सुरू होत नाही. तेव्हा स्कॅनरने संकेत पुसून दिवस ढकलणे म्हणजे आडरस्त्यावर गाडी अडकण्याची तजवीज होय. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर असा संकेत नुकताच पुसलेला नाही ना, याची खातरजमा अवश्य करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. बिघडलेले एखादे मॉड्यूल बदलले की काम भागते, आणि तेही अल्प खर्चात, हा समज सर्वांत मोहक आणि माझ्या मते सर्वांत खर्चिक आहे. सहाबैली नांगराला एक ताज्या दमाचा बैल जुंपला तरी औताची चाल थकलेल्या पाचांचीच राहते. अठ्ठावीसांपैकी जे मॉड्यूल आज मेले, त्याच्या सत्तावीस भावंडांनी तितकेच उन्हाळे सोसलेले असतात. काही महिन्यांत दुसरे जाते, मग तिसरे, आणि दर खेपेस मजुरी नव्याने मोजावी लागते. ‘रिकंडिशन्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचीही मूळ प्रकृती हीच असते. निरनिराळ्या गाड्यांतून काढलेले जुने मॉड्यूल वारंवार भरून-रिकामे करून, समान क्षमतेचे निवडून, एकत्र बांधलेले असतात; या प्रक्रियेने गेलेली क्षमता थोडीफार परतते, पण वय परतत नाही. गाडी वर्षभरात विकायची असेल आणि खरेदीदारास सत्य सांगायचे असेल, तर हा मार्ग क्षम्य आहे. चार-पाच वर्षे वापरायची असेल तर सर्व मॉड्यूल कोरे असलेली बॅटरीच घ्यावी, मग ती कंपनीची असो वा चांगल्या नावाच्या अन्य उत्पादकाची. किमतीचा विचार करताना आजची रक्कम पाहण्याऐवजी ती रक्कम मिळणाऱ्या सेवेच्या वर्षांनी भागावी, म्हणजे स्वस्त वाटणारा पर्याय पुष्कळदा महाग असल्याचे उघड होते. हमीपत्रावरची वर्षे मोजण्यापूर्वी त्यात मजुरी धरली आहे काय, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बंद पडल्यास कोण जबाबदार, हे वाचून घ्यावे.

लिथियमची बॅटरी बसवली की गाडी अधिक धावेल, हा भ्रमही थोडक्यात दूर करावा. या गाडीचा नियंत्रक निकेल घटांच्या स्वभावानुसार घडवलेला आहे. भिन्न रसायनाचे संच त्याच्याशी जुळवून घेणारे विकत मिळतात, परंतु त्यांची पारख संचाच्या रचनेवर व विक्रेत्याच्या पाठबळावर करावी, केवळ ‘लिथियम’ या नावावर नव्हे.

घरच्या घरी बॅटरी उघडण्याबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. नारिंगी कातडीच्या तारा दिसल्या की तेथे प्राणघातक दाब आहे असे समजावे. सुरक्षेची खुंटी उपसल्यावरही बॅटरीच्या दोन तुकड्यांत स्वतंत्र दाब शिल्लक असतो, आणि इन्व्हर्टरमधील संचित विद्युत् निचरण्यास काही मिनिटे लागतात. उच्च दाबाचे प्रमाणित रबरी हातमोजे आणि रीतसर शिक्षण यांवाचून कोणीही त्या वाटेस जाऊ नये.

नवी बॅटरी बसवतानाच मागील आसनाजवळची हवेची जाळी व तिच्यामागचा पंखा साफ करून घ्यावा. धूळ व पाळीव कुत्र्याचे केस यांनी तो कोंदला की घट तापतात, आणि तापलेले घट लवकर म्हातारे होतात. त्याचप्रमाणे, खर्च करण्याआधी उर्वरित गाडीची तपासणी व्हावी. दुसऱ्या पिढीत ब्रेकचा नियंत्रक आणि तिसऱ्या पिढीत इंजिनाचे हेड गॅस्केट ही दोन दुखणी परिचित आहेत, आणि त्यांपैकी एखादे डोके वर काढत असेल तर नव्या बॅटरीचा पैसा वाया जाण्याचा संभव मोठा.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय आज दूरचा वाटेल, पण इनोव्हा हायक्रॉस, अर्बन क्रूझर हायरायडर यांसारख्या हायब्रीड गाड्या २०२२ पासून येथे बाजारात आल्या आहेत. त्यांतील हायक्रॉसची बॅटरी निकेलची, तर हायरायडरची लिथियमची आहे. म्हणजे एकीचा अनुभव दुसरीस सरसकट लागू करता येणार नाही. टोयोटाने येथे बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल तेथवर दिली आहे. प्रवासी वाहतुकीस लावलेल्या गाडीचे किलोमीटर वर्षांच्या कितीतरी आधी भरतात. अशा मालकांनी ती मर्यादा गाठण्यापूर्वीच अधिकृत केंद्रात बॅटरीची तपासणी करवून तिचा लेखी अहवाल आपल्या दप्तरी ठेवावा.