अकरा हेल्मेट टेबलाखाली का आहेत




मागच्या नाताळात आपण पाड्यांवर दुचाकीने फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांसाठी हेल्मेट पाठवलीत. सतरा आली. त्यांतली सहा वाटली, अकरा अजून माझ्या टेबलाखाली आहेत. आपण प्रेमाने दिलेली वस्तू तशीच पडून का, हे आपल्याला सांगायला हवे.

गेल्या पावसाळ्यात धडगावहून परतताना आमचा एक भाऊ घाटात खडीवर घसरला. हेल्मेट होते, पण पट्टा लावलेला नव्हता. पहिल्या आदळण्यातच ते उडून नाल्यात गेले आणि पुढचा मार उघड्या डोक्याला बसला. आज तो चालतो, बोलतो. पण स्वतःच्या मुलांची नावे घेताना अडखळतो. त्यानंतर मी हेल्मेट हातात घेऊन नीट पाहू लागलो.

बाहेरचे कवच कडक असते, म्हणून आपल्याला वाटते तेच डोके वाचवते. कवच मार पसरवते आणि टोकदार दगड आत शिरू देत नाही. पण मोठे काम आतल्या थर्माकोलसारख्या जाड थराचे. डोके आपटते तेव्हा तो थर चेपतो आणि डोके एकदम न थांबता किंचित अंतर घेऊन थांबते. तेवढ्याने मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. मात्र एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी त्या जागी निकामी झालेले असते. अकरापैकी चार अशी निघाली. आणखी तिघांत हा थरच नाही. प्लास्टिकची टोपी आणि आत नुसता स्पंज. रस्त्याच्या कडेला टांगलेली असतात ती हीच. पोलिसांपुरती.

उरलेली चार अर्धी, कानाच्या वर संपणारी. जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेट तपासली तेव्हा सुमारे एक-तृतीयांश मार हनुवटी आणि चेहऱ्याच्या पुढच्या भागावर आढळला. अर्धे हेल्मेट तिथे पोहोचतच नाही. उघड्या तोंडाचे कान आणि मागची बाजू झाकते, हनुवटी नाही. पूर्ण चेहऱ्याचे सगळ्यांत चांगले. उन्हाळ्यात जीव गुदमरतो, हे मीही सोसतो. हनुवटीचा भाग वर उचलता येतो असे हेल्मेट पाड्यावर थांबून बोलायला सोयीचे, पण चालवताना तो खाली लावलेलाच हवा.

जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2008 साली घेतला गेला. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्के कमी होतो, असे त्यात दिसले. म्हणजे हेल्मेट घातले की काही होणार नाही, असेही नाही.

विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस 4151 हा आकडा पाहा. 1 जून 2021 पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी विकले जाते. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका, आत बोट घालून कडक थर आहे का ते चाचपा. मग डोक्यात घालून पट्टा लावा आणि मागून वर ढकला. निघाले तर माप मोठे आहे. गालांना थोडे घट्ट लागले तर चालेल.

आणि मागे बसणाऱ्या ताईंचे काय? आमच्या आरोग्यसेविका बहुधा मागेच बसतात आणि हेल्मेट एकच असते, चालवणाऱ्याचे. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. दगड तर कायदा विचारतही नाही.

म्हणून विनंती अशी, की वापरलेली पाठवू नका. दहा जण मिळून एक नवे, पूर्ण चेहऱ्याचे दिले तरी आम्हाला आनंद आहे. सर्वांच्या डोक्याचा घेर कपाळावरून फीत लावून मोजून ठेवला आहे. घेण्याआधी कार्यालयात माप विचारा. दोन ताईंना सर्वांत लहान माप लागते, ते दुकानात सहसा मागवावे लागते.