मरणापुढे उभी राहिलेली श्रद्धा

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपली दिवाळीच मुळी त्या नावाने सुरू होते. धनत्रयोदशीला घरातली वडीलधारी बाई कणकेचा दिवा करते, त्याचे तोंड दक्षिणेकडे करून तो उंबऱ्याबाहेर ठेवते आणि यमराजाला नमस्कार करते. सण संपतो तोही यमद्वितीयेला. फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या माणसांना आपल्या पूर्वजांनी ही आठवण मुद्दाम करून ठेवली आहे. तेव्हा आपल्या शेजारच्याच, पण आपल्याला फारशा ठाऊक नसलेल्या काही माणसांनी ह्या यमराजाशी कसे बोलणे केले, ते सांगायला हा मुहूर्त काही वाईट नाही.

जळगाव-धुळ्याच्या बाजूला 'हल्लेलूयावाले' हा शब्द कानांवर येतो. तो उच्चारताना बहुधा थोडे हसू असते. भाड्याच्या एखाद्या खोलीत, नाही तर कोणाच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसे जमतात. ढोलकी वाजते, टाळ्या पडतात, आणि मग सगळेच एकदम, आपापल्या शब्दांत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागतात. कोणी रडतो, कोणी कोणाला न कळणाऱ्या भाषेत बोलतो, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यासाठी देवाची आळवणी होते. ह्या पंथाला पेन्टेकॉस्टल म्हणतात. पेन्टेकॉस्ट म्हणजे पन्नासावा दिवस. येशूच्या पुनरुत्थानानंतर त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, अशी कथा 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो अनुभव आजही मिळतो, असा ह्या मंडळींचा विश्वास.

खानदेशातली जुनी ख्रिस्ती मंडळी ह्याहून वेगळी. ती मिशनांच्या हातांखाली वाढली. भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशनने, तर धुळे-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. तेथे उपासना संथ, गीते पुस्तकातली, प्रार्थना एकाने करायची आणि बाकीच्यांनी शेवटी 'आमेन' म्हणायचे. साहजिकच जुन्यांना नवे आरडाओरडा करणारे वाटतात, आणि नव्यांना जुने थंड वाटतात. हा सारा प्रकार परदेशातून, बहुधा अमेरिकेतून आला असावा, असा आपला समज असतो. गंमत अशी की, ह्या गोष्टीचे एक मूळ आपल्याच अंगणात आहे. जळगावहून मनमाड, तेथून नगर (आजचे अहिल्यानगर), मग दौंड, आणि दौंडहून पुण्याच्या वाटेवर केडगाव.

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाई आपल्याला संस्कृत पंडिता आणि विधवांच्या कैवारी म्हणून ठाऊक असतात. शारदा सदन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले, हेही शाळेत शिकवतात. पुढचे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणून सांभाळल्या. केडगावच्या माळावर सुमारे दोन हजार जिवांचे गावच वसले. १९०५ सालच्या आरंभी रमाबाईंनी ह्या मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितले. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशेच्या आसपास मुली-बाया जमू लागल्या. २९ जूनच्या रात्री एक मुलगी झोपेतून उठून, आपल्या अंगावर अग्नी उतरला, असे म्हणू लागली. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली! दुसऱ्या दिवशी रमाबाई मुलींना शुभवर्तमानातला भाग समजावून सांगत असता साऱ्या एकाएकी रडू लागल्या, आपल्या चुका कबूल करू लागल्या, आणि एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. शिकवणे थांबवावे लागले.

हे घडले १९०५ च्या जूनमध्ये. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात अझूसा रस्त्यावर विल्यम सेमूर ह्या काळ्या उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या त्या १९०६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी. जगभरच्या पेन्टेकॉस्टल चळवळीचा आरंभ पुष्कळजण तेथून मोजतात. केडगावी काम करणाऱ्या मिनी एब्राम्स ह्या बाईंनी १९०६ साली ह्या अनुभवावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशात व्हालपारायसो येथे हूव्हर पती-पत्नींच्या हाती पडले आणि १९०९ साली तेथे अशीच जागृती झाली. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलींचे रडणे सातासमुद्रांपलीकडे ऐकू गेले. आपल्याकडे मात्र ते विस्मरणात गेले.

परदेशी मिशनऱ्यांपैकी काहींना हा आरडाओरडा रुचला नाही. रमाबाईंनी त्यांना आपल्या पत्रिकेतून १९०७ साली उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की इथल्या माणसांना आपल्या रीतीने देवापुढे रडू द्या, हसू द्या. पाश्चात्त्यांची शिस्त त्यांच्यावर लादू नका. आपल्या वाचकांना हे पटायला अवघड जाऊ नये. कीर्तनात देहभान हरपणारा वारकरी आपण पाहिलेला आहे. पण त्याच लेखनात रमाबाईंनी दुसरीही गोष्ट सांगितली. परभाषेत बोलणे ही देणगी असेल, परंतु पवित्र आत्मा लाभल्याची अत्यावश्यक खूण एकच, आणि ती म्हणजे प्रीती. अंगात काय आले ह्यापेक्षा आचरणात काय उतरले, ही त्यांची कसोटी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रार्थनेने आजार बरे होतात, असे म्हणणारी मंडळी मरणापुढे काय म्हणते?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी प्रार्थना करावी, त्याला तेल लावावे, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलेले आहे, आणि हे लोक ते अक्षरशः पाळतात. रात्र रात्र ते आजाऱ्याच्या उशाशी बसतात. ज्या घरात दुखणे आहे तेथे पंधरा माणसांनी येऊन बसणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते दुखणे काढलेल्यालाच कळेल. पण समजा, प्रार्थना झाली, उपवास झाले, आणि तरीही माणूस गेला. मग एखादा उतावळा भाविक हळूच बोलून जातो, 'विश्वास कमी पडला.' विधवा झालेल्या बाईला, लेकरू गमावलेल्या आईला हे चार शब्द म्हणजे दुसरे मरणच. दुःख तर पदरी येतेच, वर त्याचा दोषही तिच्याच माथी बसतो.

ह्या वाक्याला उत्तर द्यायला केडगावइतके अधिकारी ठिकाण दुसरे नाही. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई ही दोघे १८७४ च्या सुमारास उपासमारीत गेली. त्या कुटुंबाने तीर्थयात्रा केल्या होत्या, दानधर्म केला होता, पुराणे सांगितली होती. त्याचा मोबदला म्हणून देव आपल्याला तारील, अशी त्यांची आशा होती; ती फोल ठरली. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी गेले. तेव्हा रमाबाईंचे वय अवघे तेवीस-चोवीस आणि पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण मरणाने काही त्यांचा पिच्छा सोडला नाही. हीच मनोरमा मोठी होऊन आईचा उजवा हात झाली, आणि २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आईच्या डोळ्यांदेखत गेली.

मुक्तिसदनात प्रार्थनेची कमतरता होती, असे कोण म्हणेल? जेथे एके काळी शेकडो मुलींचा आवाज एकदम आकाशाला भिडत होता, तेथेच ही आई आपल्या एकुलत्या एक लेकीला वाचवू शकली नाही. मग रमाबाईंचा विश्वास कमी पडला का? हा प्रश्न नुसता उच्चारला तरी त्यातला पोकळपणा दिसून येतो. मला वाटते, देवाशी देवाणघेवाणीचा जो व्यवहार रमाबाईंनी आईबापांच्या मरणाबरोबर फोल ठरलेला पाहिला, तोच नाव बदलून पुन्हा प्रार्थनागृहात शिरू शकतो. पूर्वी पुण्याच्या बदल्यात आयुष्य मागत; आता विश्वासाच्या बदल्यात मागतात. सौदा तो सौदाच. ख्रिस्ती शास्त्रातही त्याला आधार नाही. येशूने लाजराला कबरेतून उठवले खरे, पण त्याआधी तो त्या कबरेपाशी रडला, असे योहानाने लिहून ठेवले आहे. आणि कबरेतून उठलेल्या त्या लाजरालाही पुढे केव्हातरी पुन्हा मरावे लागलेच असणार! बरे होणे ही मुदतवाढ. ती मिळाली तर आभार मानावे, पण तिच्यावरून कोणाची श्रद्धा मोजू नये.

म्हणून शहाणी मंडळी प्रार्थनाही करते आणि दवाखान्यातही जाते. नवापूरजवळ चिंचपाड्याला १९४२ सालापासून ख्रिस्ती रुग्णालय आहे. प्रार्थना आणि औषध ही एकमेकांच्या सवती नव्हेत, हे त्या डोंगरपट्ट्यात कोणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

खानदेशच्या मातीने मरणाचा आणखी एक चटका सोसला आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे ते नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. टिळक ख्रिस्ती, ठोमरे हिंदू. पण त्या घरात हा हिशेब कोणी मांडला नाही, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. धड शाळा न पाहिलेल्या बाईने! पतीच्या मागे सतरा वर्षे त्या जगल्या आणि १९३६ साली गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो आणि हसता हसता डोळे पुसतो. दुःखावर उपदेशाची पट्टी न बांधताही श्रद्धा राहू शकते, ह्याचा तो पुरावा आहे.

मंडळीचे खरे रूप कळते तेही मरणाच्या दिवशीच. नव्या मंडळीजवळ सभागृह भाड्याचे असते, आणि स्वतःची दफनभूमी तर पुष्कळदा नसतेच. माणूस गेला की जुन्या मंडळीच्या दाराशी जावे लागते. ज्यांच्या उपासनेला थंड म्हटले त्यांच्याकडे जागा मागायची, आणि ज्यांच्या ढोलकीला नाके मुरडली त्यांना जागा द्यायची, असा तो प्रसंग. दोन्ही बाजूंनी मन थोडे मोठे केले, तर वर्षानुवर्षांच्या वादाने जे साधले नाही ते एका तासात साधते. पाळक प्रार्थना करतो, गीत होते, आणि जमलेला प्रत्येकजण मूठभर काळी माती पेटीवर टाकतो. त्या मातीत कोणाचा पंथ कोणता, हे ओळखू येत नाही. 'प्रभूमध्ये निजला' असे म्हणायची ख्रिस्ती मंडळींत रीत आहे. निजलेला माणूस उठायचा असतो, एवढा भरवसा त्या एका शब्दात आहे.

ह्या भरवशाची तयारी कधी करायची? धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यातले आठव्या अध्यायावरचे प्रवचन मरणाविषयी आहे. अंतकाळी मनात काय यावे, ते त्या घटकेला ठरत नाही, जन्मभर रोज जे घोटले तेच वर येते, असा त्याचा मथितार्थ. केडगावच्या बाईंनी नेमके हेच करून दाखवले.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले होते. अडाणी बाईलाही ते वाचता यावे, एवढाच हेतू. ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते, लेक गेली होती. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम हातावेगळे झाले, आणि थोड्याच अवकाशात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या झोपेतच गेल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत राहिल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ छापून पुरा झाला. दुष्काळाने ज्यांना मरणाच्या दारात नेऊन सोडले होते, त्यांनीच तो छापला.