ताक : उन्हाळ्याचे पेय की हिवाळ्याचे औषध?

चैत्र महिना सुरू होताच देशाच्या बहुतेक भागांत ताकाची आठवण होते. रामनवमीला तामिळनाडूत पानकासोबत 'नीर मोर' वाटले जाते, कर्नाटकात 'मज्जिगे' दिले जाते, गुजरातेत छासेवाचून दुपारचे जेवण पुरे होत नाही आणि महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा येतो. आले, जिरे, हिंग, कोथिंबीर आणि सैंधव घातलेले हे पेय पचनास हितकर असून आयुर्वेदाने ते सांगितले आहे, असे सर्वत्र मानले जाते. ते खरेही आहे. मात्र सुश्रुतसंहितेतील एक इशारा फारसा कोणाच्या स्मरणात नसतो. उष्णकाळी ताक देऊ नये, असे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे.

ज्या पेयाने उन्हाचा दाह शमतो अशी आपली समजूत आहे, त्याच पेयाचा उन्हाळ्यात निषेध का असावा? त्याचे उत्तर 'ताक' या शब्दाच्या अर्थात आहे. आयुर्वेदातील 'तक्र' म्हणजे दह्यात बेताचे पाणी घालून, घुसळून, लोणी काढून घेतलेले द्रव्य. पाण्याचे प्रमाण सुश्रुताच्या मते दह्याच्या निम्मे, तर भावप्रकाशाच्या मते चतुर्थांश असते. चवीला मधुर, आंबट आणि किंचित तुरट असलेले हे तक्र लघु, रूक्ष व अग्नी प्रदीप्त करणारे असले, तरी त्याचे वीर्य उष्ण मानलेले आहे. म्हणूनच शीतकाळ, अग्निमांद्य आणि कफाचे विकार हे त्याचे खरे क्षेत्र होय. जखम झालेल्या, अशक्त, मूर्च्छा, भ्रम वा दाह होत असलेल्या आणि रक्तपित्ताच्या रुग्णांस ते वर्ज्य आहे.

मग उन्हाळ्यात आपण पितो ते काय? सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात घुसळलेल्या दह्याचे पाच प्रकार दिलेले आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेले ते घोल. साय काढून, तसेच बिनपाण्याचे ते मथित. त्यानंतर तक्र आणि अर्धे पाणी घातलेले उदश्वित्. लोणी काढून भरपूर पाणी मिसळलेली ती छच्छिका. ही छच्छिका शीत व हलकी असून पित्त, श्रम आणि तहान दूर करते व मीठ घातल्यास अग्निदीपनही करते, असे भावमिश्र म्हणतात. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती आपण देतो ते पातळ ताक म्हणजे बहुतांशी ही छच्छिकाच होय. हिंदीतील 'छाछ' आणि गुजरातीतील 'छास' हे शब्द तिच्याशीच नाते सांगतात. बंगालीत 'घोल' व आपल्याकडे 'मठ्ठा' हे शब्दही टिकून आहेत. अर्थ मात्र वाटेत बदलले. आजच्या मठ्ठ्यात पाणी असतेच.

औषध म्हणून तक्राचा सर्वाधिक विस्तार चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, मूळव्याध आणि ग्रहणी या दोन अध्यायांत आढळतो. वात व कफ यांमुळे झालेल्या मूळव्याधीवर ताकाहून श्रेष्ठ औषध नाही, असे चरक सांगतात. चित्रकाच्या मुळाच्या सालीचा लेप मडक्याच्या आतून लावून त्यात दही लावण्याची कृतीही तेथे आहे. रुग्णाची शक्ती पाहून हा प्रयोग सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिनाभर करावयाचा असतो आणि ताक एकदम बंद न करता क्रमाक्रमाने कमी करावयाचे असते. 'दुधाची तहान ताकावर भागवणे' ही आपली म्हण ताकाला दुय्यम ठरवते. चरकांना ती बहुधा पटली नसती.

मसाल्यांचीही योजना सरसकट नाही. वातविकारात आंबट ताक सैंधवासह, पित्तात गोड ताक साखरेसह आणि कफात सुंठ, मिरी, पिंपळी व क्षार घालून द्यावे, असा सुश्रुतसंहितेचा निर्देश आहे. याचा अर्थ असा, की छातीत जळजळ होणाऱ्या व्यक्तीने आंबट, तिखट मठ्ठा 'पाचक' म्हणून पिणे हे शास्त्राला धरून नाही.

आधुनिक दृष्टीने पाहता, विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचा काही अंश लॅक्टिक आम्लात रूपांतरित करतात. त्यामुळे दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक सोसते. लोणी काढल्याने स्निग्धांश कमी होतो. दही व पाणी मिक्सरमध्ये नुसते फिरवल्यास तो तसाच राहतो, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या खोक्यांतील ताक अतिउष्णतेची प्रक्रिया केलेले असते, त्यामुळे त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. मिठाचा विचारही आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे आणि सैंधव हेदेखील मीठच आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ताक अळणी प्यावे.

शौचावाटे रक्त जात असल्यास मूळव्याध समजून घरीच ताकाचा प्रयोग सुरू करणे धोक्याचे आहे. हे लक्षण आतड्याच्या कर्करोगाचेही असू शकते, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. जुलाबात मीठ घातलेले ताक घरगुती पेय म्हणून देता येते. परंतु लहान मुलाचे डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल किंवा ते मलूल पडले असेल, तर ताकावर विसंबून न राहता ओआरएसचे द्रावण सुरू करून त्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.