सुटण्यासाठी बांधलेली गाठ

गाठीची खरी परीक्षा ती सोडताना होते. ओझे पडले की गाठ टिकते की नाही हे लगेच कळते. पण काम संपल्यावर ती सुटलीच नाही, विळा लावावा लागला, तर दोरही गेला आणि वेळही गेला. गेली कित्येक वर्षे गोठे, मळे, मोंढे आणि लग्नाचे मांडव पाहत हिंडताना माझे हे मत पक्के होत गेले, आणि जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात ते सर्वांत लख्खपणे पटले. कापूस, ऊस, मोसंबीच्या बागा, दारात जनावरे आणि दक्षिणेला गोदावरी असा हा मुलूख. दोराविना चालेल असे काम इथे क्वचितच सापडते.

इतिहास थोडक्यात उरकतो. अंबाडीचा वाख आणि केकताडाचे तंतू पिळून दोर वळण्याचे काम गावगाड्यात मुख्यतः मातंग समाजाकडे होते. मोटेचा नाडा, सोल, कासरे, दावी सगळे त्यांच्या हातचे. मोटा गेल्या, पंप आले, वाखाच्या जागी नायलॉन आले. तिकडे अमेरिकेत क्लिफर्ड ॲशली यांनी ११ वर्षे खपून १९४४ मध्ये गाठींचा महाग्रंथ काढला. त्यात ३,८००हून अधिक नोंदी आहेत. घरादाराला त्यातल्या पाच-सहा पुरतात.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे दाव्याकडे येतो. गाईच्या गळ्यातले जुन्या वळणाचे दावे कधी हातात घेऊन पाहा. एका टोकाला न सरकणारा फासा असतो आणि दुसऱ्या टोकाला दोराचीच टणक, गोल गाठ किंवा लाकडाचा छोटा तुकडा. हे बिरडे. बिरडे फाश्यातून सारले की गळ्याभोवती एक कडे तयार होते, आणि या कड्याचे माप कधीच बदलत नाही. जनावराने कितीही हिसका दिला तरी ते आवळत नाही, कारण ओढ बिरड्याला फाश्यावर आडवे दाबते. दावे ढिले करून बिरडे उलटे सारले की क्षणात मोकळे. अंधारात, एका हाताने, न बघता.

ही रचना मला थोर वाटते. सरकफास जनावराच्या गळ्यात कधीही घालू नये. ते जितके ओढेल तितका तो आवळतो, आणि घाबरलेले जनावर आणखी ओढते. बिरड्यात ही भीतीच नाही. घनसावंगीच्या बाजूला एका गोठ्यात मी दाव्यांकडे टक लावून बसलो होतो, तेव्हा तिथले म्हातारे शेतकरी म्हणाले, “गुरुजी, बांधायला कुणालाबी येतंय. गोठ्याला आग लागली, पाणी शिरलं, तर सोडायला किती वेळ लागंल ते सांगा.” ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा खालच्या गोदाकाठाने हा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवला. पाणी चढत असताना चार जनावरांच्या चार भिजलेल्या निरगाठी कोण सोडत बसणार?

खुंट्याकडच्या टोकालाही हाच न्याय. तिथे सुरगाठ हवी. दोर खुंट्याभोवती फिरवून शेवटचे टोक दुहेरी करून अडकवायचे. जनावराकडून ओढ आली तर गाठ धरून ठेवते, मोकळे टोक खेचले की सुटते. हल्ली बाजारात बिरड्याच्या दाव्याऐवजी नायलॉनच्या दोरीचा तुकडा घेऊन गळ्यात कशीही गाठ मारलेली दिसते. दोरी स्वस्त पडते, पण बारीक नायलॉन मानेला काचते आणि भिजल्यावर ओढ बसलेली निरगाठ दाताखेरीज सुटत नाही. पोळ्याला बैलाची वेसण, मोरखी, कासरा हौसेने नवा घेतो, त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक दाव्याचे बिरडे तपासावे, असे मी भेटेल त्याला सांगतो.

विषय निघालाच आहे तर ऊसतोडीची मोळीही सांगितलीच पाहिजे. या भागातली किती तरी कुटुंबे हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. फडात मोळी बांधायला दोर लागत नाही. उसाचेच वाढे पिळून मोळीभोवती आवळतात आणि टोके पिळून वेढ्याखाली खोचतात. कडब्याच्या पेंढीचा आळाही असाच. इथे गाठ जवळपास नाहीच, सारे काम पिळाचे आणि घर्षणाचे. कारखान्यावर ते सोडावेही लागत नाही, उसाबरोबर जाते. फुकटच्या साधनात याहून चोख बांधणी मी पाहिलेली नाही.

घरातल्या कामांना मग काय निवडावे? पुडके, बँडेज, पिशवीचे तोंड यांना रीफ नॉट. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने केले की ग्रॅनी नॉट होते आणि ती घसरते. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ताणाबरोबर रंग बदलणारे धागे घेऊन याचे गणित मांडले. रीफमध्ये दोरीचे भाग उलट दिशांना पिळले जाऊन एकमेकांना अडवतात, ग्रॅनीत ते एकाच दिशेने घरंगळतात. तरीही रीफने दोन दोर जोडून त्यावर वजन टांगू नये. दोर जोडायला विणकराची गाठ घ्यावी. पैठण गोदेच्या वरच्या अंगाला आहे. तिथे हातमागावर तुटलेला धागा ज्या बारीक गाठीने सांधतात, तीच मोठ्या दोरात मारली की जाड-बारीक दोरसुद्धा एकमेकांना धरतात.

विहिरीत बादली सोडायची, पंचमीचा झोका बांधायचा, तर न सरकणारा फासा हवा. त्यासाठी बोलाईन. मूळ दोरावर लहान वेटोळे करायचे, टोक खालून त्यातून वर काढायचे, मूळ दोरामागून फिरवून पुन्हा त्याच वेटोळ्यात घालायचे. भार असेपर्यंत ती हलत नाही, भार उतरला की अंगठ्याने सैल होते. गुळगुळीत नायलॉनवर मात्र वीतभर टोक सोडून मागे एक जादा गाठ मारावी. झोक्याला फांदीभोवती दोन वेढे द्यावेत आणि खाली पोते ठेवावे. दोर गाठीपेक्षा घासणीने लवकर तुटतो.

मांडवाच्या बांबूला क्लोव्ह हिच. एक वेढा, दोर स्वतःवरून तिरपा नेऊन दुसरा, आणि टोक त्या तिरप्या दोराखालून. पुढचे वेढे झाल्यावर दोन बांबूंच्या मधून जे आडवे फेरे घालतात, खरी घट्टी त्यांनी येते. मोसंबीच्या क्रेटचा टेंपो बांधणारे हमाल दोरात मध्येच फासा काढतात, दोर खालच्या हुकातून आणून त्या फाश्यातून खेचतात. कागदावर ही ओढ तिप्पट होते. घर्षण त्यातला बराच वाटा खाते, तरी उरते ती भरपूर असते. शेवट इथेही सुरगाठीनेच करतात, म्हणून मोंढ्यात गाडी पटकन मोकळी होते.

एवढ्या गाठी शाळेत प्रत्येक मुलामुलीला आल्या पाहिजेत. एक गाठ डोळे मिटून बांधता आली, भार घेऊन टिकली आणि डोळे मिटूनच सोडता आली, की मगच पुढची घ्यावी. सुरुवात वसुबारसेला करता येईल. गाईला ओवाळायच्या आधी तिच्या गळ्यात दोन बोटे सहज जातात का आणि तिचे दावे एका हाताने सुटते का, हे पाहून घ्या. नसेल, तर पाडव्यापूर्वी बदला.