रेस दिली की आउटबोर्ड इंजिन बसतं? कार्बोरेटर खोलण्याआधी ‘या’ गोष्टी तपासा

पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली की छोट्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि मेकॅनिककडे एक तक्रार हमखास येते. दोन महिने झाकून ठेवलेलं जुनं आउटबोर्ड इंजिन सुरू होतं, हळू चालतं. पण रेस दिली की घुसमटतं आणि बंद पडतं. किनाऱ्यावर ही फक्त डोकेदुखी असते. खाडीच्या मुखाशी लाट अंगावर येत असताना हेच जिवावर बेतू शकतं.

नेमकं काय होतं?

इंजिन हळू चालताना कार्बोरेटर अगदी थोडं पेट्रोल सोडतो आणि त्याची वाट वेगळी असते. रेस दिली की काम मेन जेटवर येतं. तिथे कचरा असेल किंवा पेट्रोल मागून पुरेसं येत नसेल, तर हवा भरपूर आणि इंधन कमी अशी स्थिती होते. म्हणूनच ‘हळू तर छान चालतंय’ याचा अर्थ कार्बोरेटर साफ आहे असा होत नाही.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं. अशा वेळी इंजिन दामटलं तर पिस्टन जाम होऊ शकतो.

पाना हातात घेण्याआधी

होडी धक्क्याला घट्ट बांधा, सोबत एक माणूस घ्या आणि इंजिन पाण्यातच सुरू करा.

• टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहा. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही.

• रेस देताना पाइपमधला रबरी फुगा चपटा होत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

• फुगा हाताने दाबत राहिल्यावर इंजिन उचललं, तर संशय पंपाच्या डायाफ्रामवर किंवा पाइपमधून हवा घेण्यावर.

• फुग्याने फरक पडत नाही, पण चोक थोडा ओढल्यावर इंजिन सावरतं? मग मेन जेट साफ करण्याची वेळ आली आहे.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं आणि पाइप तिथूनच ओढतो. जुन्या इंजिनांचे रबरी पाइप आणि डायाफ्राम अशा इंधनासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, आतून सुटतात. त्यामुळे बंदीआधीचं पेट्रोल काढून टाका, फिल्टरमध्ये पाणी दिसतं का ते बघा.

इंधन ठीक असेल तर?

प्लग काढून पाहा. दोन सिलिंडरपैकी एकाचा प्लग ओला आणि काळा असेल, तर तिथे ठिणगी पडत नसावी. एका सिलिंडरवर इंजिन हळू चालतं, पण भार पेलत नाही. थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर बसत असेल, तर इग्निशन कॉइल तपासून घ्या. मग कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये साधारण १० टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर बिघाड आत आहे. इंजिन बंद करून पंख्यात जाळ्याचा दोर अडकला नाही ना, तेही पाहा.

या चुका टाळा

जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठं झालं की इंधनाचं प्रमाण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. पाण्याशिवाय इंजिन सुरू करू नका; पाणी खेचणारा रबरी पंखा लगेच खराब होतो.

दुरुस्तीनंतर थेट समुद्रात न जाता खाडीत अर्धा तास पूर्ण रेसवर चालवून बघा. तरीही समुद्रात अडकलात, तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये आधीच सेव्ह असू द्या.