एका खोलीची शाळा

कोपर स्टेशन, सकाळची गर्दी. एक हात कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल. गावच्या ग्रुपवर फोटो आला. मुरबाडकडच्या आमच्या गावातली जुनी शाळा : एक खोली, पुढे ओटा, कौलं घसरलेली. खाली प्रश्न, 'धोकादायक झालीय. पाडायची का?' दिवा येईपर्यंत दहा अंगठे वर!

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवला. ''अगं, इथेच पहिली ते चौथी. खोली एक, गुरुजी एक. पहिली पाटीवर गिरवायची, तेव्हा चौथीचं गणित चालायचं. आम्ही दुसरीतच चौथीचे पाढे शिकलो, नुसते कानावर पडून!''

अशा शाळांसाठी कुणी हळहळत नाही, कारण आपल्याकडे एक खोली म्हणजे गैरसोय. ते खरंही आहे. १९८७ च्या 'खडू-फळा' योजनेत म्हणूनच प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक असं ठरलं. नव्या खोल्या हव्यातच. पण म्हणून जुनी पाडायलाच हवी का?

पुण्यातला भिडे वाडा आठवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, ती बुधवार पेठेतल्या या वाड्यात. समोर दगडूशेठ गणपती. तिथली रांग कायम मोठी, वाड्याकडे मान वळवणारे थोडेच. वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, वाडा खचत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी झाली, पण मोडकळीला आलेला वाडा पाडूनच. स्मारक नवं बांधता येतं, ती भिंत नाही.

सिव्हिल इंजिनीअर मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर दोन शब्दांचं : 'आधी छप्पर.' एक कौल फुटलं की पाणी वाशांवर, मग वाळवी, मग भिंत. आणि चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंट थापायचं नाही. ओल आतच कोंडते, गिलावा सुटतो.

मग मीही ग्रुपवर लिहिलं, 'पाडण्याआधी एकदा इंजिनीअरला दाखवू. कौलांचा खर्च मी आणि बाबा करू.' बराच वेळ शांतता. मग एका काकांचा मेसेज, 'वाशांचं लाकूड माझ्याकडून.'

तुमच्याही गावात अशी शाळा असेल तर :

* पावसाळ्याआधी फोटो काढा, मापं घ्या.
* इमारत बहुधा जिल्हा परिषदेची असते. ग्रामपंचायतीमार्फत लेखी परवानगी घ्या, मगच हात लावा.
* जुनं दाखल-खारीज रजिस्टर कुठे आहे ते विचारा. आजोबांची जन्मतारीख त्यातच सापडते!
* दुरुस्तीनंतर कुलूप नको. वाचनालय, अभ्यासिका, काहीही चालू करा. वापरातल्या घराचं गळकं कौल लगेच दिसतं.

या शनिवारी मॉल कॅन्सल. बाबा आणि मी कल्याणहून मुरबाडची एसटी पकडतोय. बाबांनी पाढ्यांची उजळणीही सुरू केलीय!